शंका घेणारं गिऱ्हाईक

हाती असलेलं जुनं घड्याळ दुकानदाराच्या हवाली न करता स्वतःच विकावं, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे पुस्तक. अशा माणसांचा पहिला प्रश्न असतो, ‘याचे किती येतील?’ दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही आणि सगळा त्रास तिथून सुरू होतो. घ्यायला कोण येईल, तो काय विचारेल, पैसे कसे देईल, आणि घरी गेल्यावर फोन करून काय म्हणेल? भाव चुकला तर हजार-पाचशेचं नुकसान होतं. माणूस ओळखण्यात चूक झाली तर घड्याळ जातं, पैसे जातात आणि वर मनस्ताप पदरात पडतो. म्हणून या पुस्तकात भावाला एक प्रकरण दिलं आहे आणि बाकीची बहुतेक गिऱ्हाइकाला.

यातली बहुतेक उदाहरणं बेंगळुरूची आहेत. मी इथे राहतो हे त्याचं एक कारण. त्याहून मोठं कारण असं की भारतीय मनगटी घड्याळाचा इतिहास बराचसा याच गावात घडला. हिंदुस्तान मशीन टूल्स, म्हणजेच एचएमटी, ही सरकारी कंपनी १९५३ साली इथे सुरू झाली ती यंत्रं बनवणारी यंत्रं तयार करायला. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिने घड्याळाचा कारखाना काढला. पुढे जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन ही नावं घराघरांत पोचली. लग्नात जावयाला एचएमटी, मुलगा दहावी झाला की एचएमटी, निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळाबरोबर एचएमटी. कांचनसाठी तर एके काळी ओळखी काढाव्या लागत. मागणी वाढली तसा १९७८ मध्ये तुमकुरूलाही कारखाना झाला. १९८४ मध्ये टायटन स्थापन झाली, होसूरला तिचा कारखाना उभा राहिला आणि चावी द्यायच्या घड्याळांचे दिवस क्वार्ट्झने संपवत आणले. एचएमटीचा घड्याळविभाग बंद होणार ही बातमी २०१४ मध्ये आली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने त्यावर शिक्कामोर्तब केलं. २०१९ पासून जालहळ्ळीत एचएमटीचं संग्रहालय आहे. ज्यांच्या घरात जनता किंवा पायलट आहे त्यांनी विकण्याआधी ते एकदा जरूर पाहावं. आपल्या हातात काय आहे हे कळलेला माणूस समोरच्याशी वेगळ्या आवाजात बोलतो.

कारखाना बंद होण्याच्या बातमीबरोबर भाव चढले. जी घड्याळं मुलांनी खेळायला घेतली असती, त्यांना संग्राहक शोधू लागले. आणि भाव चढले की जे होतं ते झालं. मूळ तबकडी पिवळी पडलेली, डागाळलेली असते. ती खरवडून, नव्याने रंगवून, त्यावर अक्षरं छापून घड्याळ चकचकीत करून विकायचं. पायलटची काळी तबकडी मुळात काळी. पण आता निळ्या, हिरव्या, नारिंगी अशा, कारखान्याने कधी पाहिले नसतील त्या रंगांतही ती मिळते. आत एका घड्याळाचं यंत्र, बाहेर दुसऱ्याची केस, काटे तिसऱ्याचे. जगभरचे संग्राहक अशा घड्याळाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. मराठी माणसाला हे नाव टोचतं, मलाही टोचतं. रंगवणाऱ्या कारागिरांची बाजू मात्र सांगायला हवी. घड्याळ ही रोज वापरायची वस्तू होती तेव्हा लोक स्वतः होऊन डायल नवं करून घेत, आणि ते काम हाताने करणं सोपं नव्हतं. रंगवणं हा गुन्हा नाही. रंगवलेलं घड्याळ ‘एकदम ओरिजिनल’ म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

या पार्श्वभूमीवर गिऱ्हाईक येतं ते संशय घेऊनच येतं. आणि इथेच विकणाऱ्याचं मन दुखावतं. वडिलांचं घड्याळ असतं, घरात कुणी खोटं बोललेलं नसतं आणि हा परका माणूस विचारतो, ‘डायल खरं कशावरून?’ मग आवाज चढतो, ‘घ्यायचं तर घ्या’ म्हणून फोन ठेवला जातो, आणि त्या माणसाची नोंद मनात ‘त्रासदायक’ म्हणून होते.

माझं म्हणणं अगदी उलट आहे आणि सबंध पुस्तक त्याच म्हणण्यावर उभं आहे. खूप प्रश्न विचारणारं, फोटो मागणारं, भिंग लावून पाहणारं गिऱ्हाईक हे तुम्हाला मिळू शकणारं सर्वांत चांगलं गिऱ्हाईक. त्याची शंका घड्याळ हातात पडण्याआधी फिटलेली असते, म्हणून नंतर भांडण होत नाही. भीती बाळगावी ती काहीच न विचारणाऱ्याची.

माझ्या ओळखीच्या एका मावशी मल्लेश्वरमला राहतात. यजमान गेल्यावर त्यांनी त्यांचं जनता घड्याळ विकायला काढलं. बीटीएम लेआउटमधून एक तरुण आला. त्याआधी चार दिवस त्याचे प्रश्न चालू होते. मागचं झाकण उघडून आतल्या यंत्राचा फोटो मिळेल का? चावी पूर्ण दिल्यावर किती तास चालतं? शेवटचं ऑइलिंग कधी, कुणाकडे? मावशींनी ‘माहीत नाही’ असलेल्या प्रत्येक प्रश्नाला ‘माहीत नाही’ असंच उत्तर दिलं होतं. आल्यावर त्याने खिशातून भिंग काढलं, खिडकीपाशी गेला आणि बराच वेळ काही बोलेना. मावशी मला हळूच म्हणाल्या, ‘अरे, हा एवढं काय बघतोय? चोरीचं वाटतंय का त्याला?’ तो बघत होता ते मिनिटांच्या बारीक रेघा. कारखान्यात छापलेल्या तबकडीवर त्या एकसारख्या जाडीच्या आणि टोकाला रेखीव असतात. हाताने रंगवलेल्या तबकडीवर शाई पसरते, काही रेघा जाड होतात, आणि अक्षरांच्या पोटातली पांढरी जागा भरून जाते. ‘जनता’मधल्या ‘ज’चा वळसा त्याने मावशींना भिंगातून दाखवला. मग म्हणाला, ‘अम्मा, डायल मूळचं आहे. सेकंदकाटा मात्र बदललेला आहे, लांबी कमी आहे.’ मावशींनी जाहिरातीत लिहिलं होतं, ‘काटे बदललेले असू शकतात, खात्री नाही.’ त्याने ती ओळ त्यांना वाचून दाखवली आणि सांगितलेली किंमत एक रुपया न कापता दिली.

ती एक ओळ महत्त्वाची. जाहिरातीत गुणांची यादी सगळेच देतात. दोष लिहिणारा विरळा. काचेवरचा ओरखडा, कडेला उडालेला मुलामा, बदललेला पट्टा, नंतर बसवलेली चावी, हे सगळं आपणच आधी सांगावं आणि उजेडात काढलेल्या फोटोत दाखवावं. ज्याची खात्री नाही तिथे खात्री नाही असं लिहावं. दोष लिहिल्याने भाव पडतो ही भीती खोटी नाही, थोडा पडतो. पण तोच दोष भेटीत सापडला तर भाव त्याहून जास्त पडतो. समोरच्याला तुम्ही न सांगितलेल्या तीन गोष्टी सापडल्या की चौथी नसलेली गोष्टही तो धरून चालतो.

कायदाही याच बाजूचा आहे. वस्तुविक्रीचा १९३० चा कायदा आपल्याकडे आजही लागू आहे. त्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे वर्णन करून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळली पाहिजे. सोळाव्या कलमाचा सर्वसाधारण रोख असा की वस्तूचा दर्जा पारखण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. दोन्ही कलमं एकत्र वाचली की घरगुती विक्रेत्याचं स्थान स्पष्ट होतं. घड्याळ किती चांगलं चालेल याची हमी तुमच्यावर आपोआप येत नाही, पण जे शब्द तुम्ही लिहिले त्यांना तुम्ही बांधलेले असता. ‘मूळ डायल’ लिहिलंत आणि ते रंगवलेलं निघालं तर गिऱ्हाईक भांडायला मोकळं आहे, आणि त्याचं भांडण रास्त आहे. ‘डायलबद्दल खात्री नाही, फोटो पाहून ठरवा’ असं लिहिलंत तर रास्त भांडणाला जागा उरत नाही. म्हणून जाहिरातीचा मजकूर आणि मोबाइलवरचं बोलणं पुसून टाकू नये, निदान काही महिने तरी.

घासाघीस करणाऱ्यांवर मी फार पानं खर्च केलेली नाहीत. ‘लास्ट एष्टु, सर?’ म्हणजे ‘शेवटचे किती?’ हा या गावातला नमस्कारच आहे, तो अपमान समजू नये. पहिल्याच निरोपात निम्मी किंमत सांगणाऱ्यावर रागावण्यात शक्ती घालवू नये. मनात एक आकडा आधी ठरवावा, तो घरातल्या एका माणसाला सांगून ठेवावा आणि त्याखाली जाऊ नये. घड्याळ न पाहता फोनवर भाव उतरवू नये. हातात घेऊन पाहिल्यावर जो भाव मागतो त्याच्याशीच बोलावं. चिकपेट परिसरात रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. असल्या बाजारात विकणारे व्यापारीही तुमची जाहिरात बघून येतील. ते कमी भाव सांगणारच, कारण त्यांना पुढे विकायचं आहे. त्यात वावगं काही नाही. व्यापाऱ्याला रोखीने, एका भेटीत, पुढची कटकट न ठेवता दिलेलं घड्याळ कधीकधी संग्राहकाला चार पैसे जास्त घेऊन दिलेल्या घड्याळापेक्षा परवडतं.

ओळखीचं गिऱ्हाईक हे प्रकरण मात्र मी मुद्दाम लांब केलं आहे. मंडळातले, सोसायटीतले, नात्यातले लोक. ‘आपल्यातच राहू दे घड्याळ’ म्हणून घेतात, पैसे ‘पगार झाला की’ देतात आणि महिन्याभराने घड्याळ पुढे जातं म्हणून आणून ठेवतात. परक्याला तोंडावर सांगता येतं ते इथे सांगता येत नाही. शेजारच्या वहिनींना पैशांची आठवण करून देणं जमत नाही, आणि पैसे बुडाले तर वर बोलणंही तुटतं. माझं ठाम मत असं: ओळखीच्याला एक तर घड्याळ भेट द्यावं, नाही तर परक्यासारखंच विकावं, म्हणजे पूर्ण पैसे आधी आणि दोन ओळींची पावती. मधली वाट नाती बिघडवते. पावती मागितली म्हणून ज्याला राग येतो, त्याला तो तेव्हाच येऊ द्यावा.

आता न विचारणाऱ्यांबद्दल. फसवणारा माणूस घड्याळाची चौकशी करत नाही, कारण त्याला घड्याळ नको असतं. सांगाल ती किंमत त्याला मान्य असते. तो लष्करात किंवा सुरक्षादलात असल्याचं सांगतो, ओळखपत्राचा फोटो न मागता पाठवतो, बदली झाल्यामुळे स्वतः येता येत नाही म्हणतो आणि पैसे आत्ताच घ्या अशी घाई करतो. मग एक क्यूआर कोड येतो: ‘हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.’ शिकलेली, बँकेत नोकरी केलेली माणसं इथे फसली आहेत, म्हणून वाचकाने हे नीट लक्षात ठेवावं. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. दुसरा प्रकार म्हणजे ‘चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा’ आणि सोबत बँकेसारखा दिसणारा खोटा संदेश. तिसरा, समोर उभं राहून मोबाइलवर दाखवलेली हिरवी खूण. तीही बनावट असू शकते. स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसेपर्यंत घड्याळ टेबलावर आपल्या बाजूला राहील. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न लावता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता तुम्ही किती लवकर कळवता त्यावरच अवलंबून असते.

ठरलेला सौदा आणि झालेला सौदा यांतलं अंतर बेंगळुरूच्या इतिहासातही आहे, आणि तो इतिहास आपल्याच माणसांचा आहे. हे गाव शहाजीराजांची जहागीर होतं. पुढे त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे तंजावरला स्थिरावल्यावर त्यांना ते दूर पडू लागलं आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाखांना विकण्याचं बोलणं झालं. व्यवहार पुरा होण्याआधी, १६८७ साली, मोगल सरदार कासिमखानाने गाव घेतलं आणि ते वोडेयरांनाच, त्याच तीन लाखांना देऊन टाकलं. घेणारा तोच, रक्कम तीच, फक्त पैसे दुसऱ्याच्या पदरात. ‘नक्की घेतो, ठेवून द्या’ म्हणणाऱ्यासाठी इतर सगळ्यांना नाही म्हणणाऱ्या विक्रेत्यांना मी हा प्रसंग सांगतो. बयाणा घेतल्याशिवाय घड्याळ कुणासाठी राखून ठेवू नये.

भेट कुठे ठरवावी, हा बेंगळुरूत निम्मा प्रश्न वाहतुकीचा आहे. व्हाइटफील्डहून ‘निघालोच’ म्हणणारा माणूस मल्लेश्वरमला कधी पोचेल हे त्यालाही सांगता येत नाही, आणि न आलेल्या गिऱ्हाइकाची वाट पाहून कंटाळलेला विक्रेता पुढच्याशी तुसडेपणाने बोलतो. मेट्रो स्थानकाजवळची जागा दोघांना सोयीची. मॅजेस्टिकला दोन मार्ग मिळतात म्हणून ती बऱ्याच जणांना जमते. महागडं स्विस घड्याळ असेल तर आपल्या बँकेची शाखा सर्वांत बरी. तिथे नोटा तपासता येतात आणि आजूबाजूला माणसं असतात. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, तेव्हा तेवढ्या किमतीचा व्यवहार खात्यातूनच करावा. अनोळखी माणसाला घरी बोलावू नये. मावशींच्या वेळी मी आणि त्यांचा भाचा मुद्दाम जाऊन बसलो होतो. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनी तर हा नियम कधीच मोडू नये, समोरचा फोनवर कितीही अदबीने बोलला तरी.

सर्वांत जास्त तक्रारी विक्रीनंतर येतात, आणि त्यांतल्या बहुतेक एकाच वाक्याच्या असतात: ‘घड्याळ बरोबर वेळ दाखवत नाही.’ क्वार्ट्झवर वाढलेल्या पिढीला चावीचं घड्याळ रोज थोडं पुढे-मागे होतं हे ठाऊकच नसतं. स्वित्झर्लंडच्या सीओएससी या संस्थेचं क्रोनोमीटर प्रमाणपत्र मिळवणाऱ्या नव्या कोऱ्या यंत्रालाही दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी सूट असते. मग चाळीस-पन्नास वर्षं चाललेल्या, सतरा ज्वेलच्या जनताने दिवसाला अर्धा-एक मिनिट इकडे-तिकडे केलं तर तो बिघाड म्हणता येत नाही. हे विक्रीनंतर सांगितलं तर सबब वाटते, आधी सांगितलं तर माहिती ठरते. विकण्याआधी घड्याळ चोवीस तास चालवून, मोबाइलच्या घड्याळाशेजारी ठेवून सुरुवातीचा आणि शेवटचा फोटो काढावा आणि तो फरक जाहिरातीतच लिहावा.

विकताना बरोबर चालणारं घड्याळ दुसऱ्या दिवशी काही मिनिटं पुढे धावू लागलं, अशीही तक्रार येते आणि ती खोटी नसते. गिऱ्हाइकाने ते रात्री स्पीकरवर, टॅब्लेटच्या चुंबकी कव्हरवर नाही तर पर्सच्या चुंबकी बटणापाशी ठेवलेलं असतं. आतली केसासारखी हेअरस्प्रिंग चुंबकित झाली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि बॅलन्स व्हील भराभर हलू लागतं. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे चुंबकत्व काढायचं छोटं यंत्र असतं, काम काही मिनिटांचं. एवढं सांगितलं की तावातावाने आलेला फोन बहुधा आभार मानून संपतो. त्रासदायक वाटणारी बरीच गिऱ्हाइकं मुळात घाबरलेली असतात. पैसे देऊन झालेले असतात, घरी ‘हे जुनं कशाला आणलंस’ म्हणून ऐकून घ्यावं लागलेलं असतं आणि काटा पुढे धावताना दिसतो.

परत घेण्याबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही, तरी मांडतो. चावीच्या घड्याळाला तीन दिवसांची मुदत द्यावी, ती लिहून द्यावी आणि मागचं झाकण उघडलेलं नसेल तर कुरकुर न करता पूर्ण पैसे परत करावेत. मुदत दिली म्हणून फारसं कुणी घड्याळ परत आणत नाही, पण घेणाऱ्याची धास्ती जाते. झाकणाची अट सोडू नये, कारण चांगलं यंत्र काढून आत मोडकं बसवायचं आणि घड्याळ परत करायचं, असेही लोक आहेत. त्यासाठी विकण्याआधीच आतल्या यंत्राचे स्पष्ट फोटो काढून घ्यावेत आणि ते गिऱ्हाइकालाही पाठवावेत. त्यानंतर चौथ्या दिवशी, दहाव्या दिवशी, दोन महिन्यांनी येणाऱ्या तक्रारीला सौम्य पण एकच उत्तर द्यावं आणि चांगल्या घड्याळवाल्याचा पत्ता द्यावा. शिवीगाळ सुरू झाली तर बोलणं थांबवावं. धमकी आली तर ती पुसू नये. तिचा स्क्रीनशॉट घेऊन पोलीस ठाण्यात जावं.

पुढची प्रकरणं क्रमाने वाचलीच पाहिजेत असं नाही. ज्यांना या आठवड्यात घड्याळ विकायचं आहे त्यांनी आधी फोटो आणि जाहिरातीच्या मजकुराचं प्रकरण वाचावं, मग पैशांचं. त्यात कोऱ्या पावतीचा नमुना मराठीत आणि कन्नडमध्ये दिला आहे. तो फाडून वापरला तरी चालेल. ज्यांच्याकडे वडिलांचं किंवा आजोबांचं घड्याळ आहे आणि विकावं की नाही हेच अजून ठरत नाही, त्यांनी ऑइलिंगचं शेवटचं प्रकरण आधी वाचावं आणि घड्याळ एकदा चालू करून महिनाभर हातात घालावं. ते विकायला काढलं तरी या महिन्याभराने किंमत कमी होत नाही, आणि गिऱ्हाइकाच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं तुमच्याजवळ तयार झालेली असतात.